गोणपाटातला गिअरबॉक्स

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलात, की भवानीनगर मागे टाकल्यावर पुढे ‘जंक्शन’ नावाचं गाव येतं. नवखा माणूस आधी स्टेशन शोधतो. स्टेशनबिशन काही नाही बॉस, इथून वालचंदनगरला फाटा जातो. ‘वालचंद’ म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या इंजिनीअरांना सांगलीचं कॉलेज आठवतं. पण शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) या सोलापूरच्या माणसाचा पसारा बघितला तर आपला सीव्ही गपचूप खिशात ठेवावासा वाटतो. १९१९ मध्ये जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, इंदापूर तालुक्यात ऊस आणि साखर, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी जमलं आणि ‘११००’ आली, १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात तिचीच झाली ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’. तुमच्या आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतली ती हीच.

गंमत म्हणजे ज्याच्या नावाचं गाव इंदापूर तालुक्यात आहे, त्याच्याच कंपनीच्या गाड्या आज याच तालुक्यातल्या शेडांमध्ये कडब्याखाली झोपल्यात. खुद्द वालचंदनगरात गिअर बनतात, पण ते साखर आणि सिमेंट कारखान्यांचे, माणसाच्या उंचीला लाजवणारे. इस्रोच्या रॉकेटचे भागसुद्धा बनतात. फियाटचा गिअर तिथे कुणी बनवून देईल या भ्रमात राहू नका. त्यासाठी रॉकेलचा डबा, चिंध्या आणि बराच धीर लागतो.

हा विषय आत्ता का? तर जुन्या गाड्यांना आलेले दिवस. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. झालं, निरोपाचे फोटो फिरले, सगळ्यांचे डोळे पाणावले आणि दुसऱ्या दिवसापासून लोक गावाकडे फोन करायला लागले, ‘आपली फियाट अजून आहे ना गोठ्यामागं?’ आहे. असतेच. मग वीकेंडला गाडी धुतली जाते, सीट कव्हरं शिवली जातात, बंपर क्रोमला जातात, रंगासाठी शेड कार्डं मागवली जातात. दिसणारं सगळं आधी. गिअरबॉक्स दिसत नाही, म्हणून त्याचा नंबर शेवटी, आणि तो बसवायचा म्हणजे चार नटबोल्ट आवळायचे अशी समजूत. आधी शिदोरी मग जेजुरी, हे गिअरबॉक्सला लागू पडतं तितकं दुसऱ्या कशालाच लागू पडत नाही.

माझा एक मित्र हिंजवडीत कोडिंग करतो. घर निमगाव केतकीच्या बाजूला, पानमळ्यांच्या गावाकडचं. त्यांची डिलाइट बरीच वर्षं उभी आहे. थांबली ती तिसऱ्या गिअरमुळे. चालता चालता तिसरा निसटायचा आणि गाडी न्यूट्रल. मित्राच्या वडिलांनी, त्यांना घरात आणि गावात सगळे तात्या म्हणतात, तेव्हा भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आणून ठेवला होता. तो बसवायचा राहिला. आधी विहिरीचं काम निघालं, मग बहिणीचं लग्न, मग दुष्काळ. बॉक्स गोणपाटात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात. आता धाकट्या भावाला ती शेड ठिबकच्या सामानासाठी हवीय आणि भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलाय. तात्या एवढंच म्हणाले, ‘‘गाडी चालत आसंल तर ऱ्हाऊ द्या. न्हाय चालत, तर द्या टाकून. पन बगून सांगा, न बगता न्हाय.’’ त्यांचं लायसन्स पुढच्या वर्षी संपतंय आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. म्हणजे वेळ मोजका आहे. डेडलाइन, आपल्या भाषेत.

तर बघायचं कसं?

सगळ्यात पहिलं म्हणजे, पंधरा-वीस वर्षं पडलेला बॉक्स दिसला की आपला हात आपोआप शाफ्टकडे जातो. फिरवून बघू, फिरतोय का. अजिबात नाही. आत जे तेल होतं ते केव्हाच तळाला बसलंय. तेलात बुडालेले गिअर बहुधा ठणठणीत असतात. तेलाच्या वर जे राहिलं त्यावर पावसाळ्यामागून पावसाळे दमट हवा बसलीय. या पट्ट्यात पाऊस कमी, हे खरं, पण शेडच्या पलीकडे कॅनॉलचं पाणी पाजलेला ऊस असतो आणि रात्री थंडी पडली की लोखंडाला घाम फुटतो. वरच्या गिअरांवर गंजाची साय, बेअरिंगमध्ये वाळून चिकट झालेलं तेल. कोरडं फिरवलंत तर तो गंज तुम्ही स्वतःच्या हाताने बेअरिंगमध्ये दळून घालता. म्हणून आधी वरच्या भोकातून पातळ तेल सोडा, एक दिवस राहू द्या. तोपर्यंत बाहेरून बॉक्स घासून धुऊन घ्या. वाळलेला चिखल, उंदराचं घरटं, गांधीलमाशीचं मातीचं पोळं, यातलं कणभरही आत जाता कामा नये. मगच ड्रेन नट उघडा.

ड्रेन नट म्हणजे गिअरबॉक्सचा ब्लड रिपोर्ट. खाली स्वच्छ ट्रे ठेवा आणि जे पडेल ते नीट बघा. काळं, जाडसर, पण एकसारखं तेल असेल तर छान. दुधाळ, कॉफीसारखं असेल तर पाणी शिरलंय. मग जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या तेलात फिरवा. पिशवीवर मऊसर राखाडी लेप आला तर ती नेहमीची झीज, घाबरू नका. टोचणारे कण, कपच्या, दाताचा तुकडा आला तर आत काहीतरी तुटलंय. आणि चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चकाकी दिसली तर पिवळा धातू झिजलाय, म्हणजे बुश, वॉशर किंवा सिंक्रो रिंग. कव्हर उघडायच्या आधीच निम्मी गोष्ट इथे कळते.

मित्राच्या बॉक्समध्ये निघालं ते फारसं वाईट नव्हतं. वाईट होतं ते बाहेर. गोणपाट हा शब्द ऐकायला किती साधा. पण ती गोण होती खताची, आणि शेडच्या त्याच कोपऱ्यात युरियाची पोती लागायची. खतांचे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. पोतं घट्ट होतं ते त्यामुळेच. ते पाणी लोखंडाला चिकटलं की गंज आपल्या स्पीडने नाही, खताच्या स्पीडने वाढतो. पुढच्या शाफ्टच्या उघड्या खाचांवर, म्हणजे जिथे क्लचप्लेट सरकते तिथे, गंजाचे फोड आले होते. आणि खतातून निघणारा अमोनिया पितळेचा दुश्मन. याची जुनी केस हिंदुस्थानातलीच आहे. इंग्रजांच्या पलटणीची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवली जायची आणि काहीही न करता त्यांना आपोआप चिरा पडायच्या. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये उलगडलं. पागेतल्या घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळेतला आधीचा ताण, दोघांनी मिळून ते काडतूस फाडलं. तर सांगायचं काय, गिअरबॉक्स खतांच्या शेडमध्ये होता हे कळलं की आतला प्रत्येक पिवळा भाग भिंगाखाली बघायचा. हिरवट थर पुसून निघतो. चीर पुसून निघत नाही.

त्याच शेडमध्ये डिझेलचं इंजिन होतं, पाण्याच्या पंपाचं. आता ते कशाला मध्ये? तर बेअरिंगसाठी. बॉक्स एका जागी पडून असतो तेव्हा बेअरिंगची प्रत्येक गोळी एकाच जागी टेकलेली असते. शेजारी इंजिन रोज धडधडत असलं की ती गोळी त्याच जागी बारीक बारीक घासत राहते. दोन्हींच्या मधलं तेल निघून जातं आणि गोळ्यांच्या अंतराने खळगे पडतात. १९३० च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने पाठवलेल्या कोऱ्या गाड्यांच्या चाकांच्या बेअरिंगना हाच रोग लागला होता. गाडी एक किलोमीटरसुद्धा चालली नाही आणि बेअरिंग खराब! निमगावच्या शेडमध्ये तेच, फक्त रेल्वेच्या जागी पाच हॉर्सपॉवर.

बेअरिंग तपासायची पद्धत सोपी, पण शिस्तीची. रॉकेलमध्ये धुवायचं, वाळू द्यायचं, पातळ तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि बोटावर हळू फिरवायचं. बोटाला ‘खट्-खट्’ कळलं की ते गेलं. गॅरेजमधली पोरं कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग ‘सुंईई’ करून फिरवतात, ऐकायला जाम भारी वाटतं. कृपया करू देऊ नका. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फिरलं की गोळ्या आणि रेस दोन्ही ओरबाडल्या जातात, आणि कधी फुटून तोंडावर येतं. मात्र बेअरिंग गेलं म्हणून रडायचंही कारण नाही. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो आणि गाडी कुठल्या साली बंद झाली याच्याशी त्या नंबरला देणंघेणं नसतं. पुष्कळ मापं आजही मोटरींपासून पंपांपर्यंत सगळीकडे चालतात. तीच गोष्ट ऑइल सीलची. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, ही तीन मापं सीलवर छापलेली असतात. पुसली असतील तर कॅलिपरने घ्या. बारामतीत ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात ‘फियाटचं सील द्या’ म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडे दयेने बघेल. तीन आकडे सांगितलेत तर ड्रॉवर उघडेल.

सील मात्र जुनं दिसायला कितीही चांगलं असो, बदलायचंच. रबराला वय असतं. ते कडक होतं, त्याच्या ओठाची लवचीक कड जाते, आणि हे कळतं ते बॉक्स बसवून, सगळं आवळून, गाडी शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर, क्लचप्लेटवर तेल उतरलं की. मग परत सगळं खाली. शंभर-दोनशे रुपयांचं सील वाचवायला गेलेल्यांनी दोन दोन दिवसांची मजुरी घालवलेली मी बघितलीय. बसवताना ओठ तेलाच्या बाजूला, ओठाला आधी तेलाचं बोट, आणि ठोकायचं ते सीलच्या मापाच्या सपाट ठोकळ्याने सगळीकडून सारखं. कोपऱ्यात हातोडी मारलीत की तिरकं बसतं आणि तिरकं सील म्हणजे नसलेलं सील. पॅकिंगबद्दल फार बोलत नाही. पॅकिंगचा कागद आणा, जुन्यावर ठेवून कापा, झालं. फक्त कव्हर उघडताना दोन तोंडांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. तो ओरखडा पुढची दहा वर्षं तेल गळवतो.

आता सिंक्रो. ऑटोमॅटिकवाल्यांसाठी थोडक्यात फंडा असा, की गाडी चालू असताना आतले दोन भाग वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. तुम्ही गिअर टाकता तेव्हा एक कोनाच्या आकाराची रिंग आधी जाऊन गिअरला पकडते, घासते, दोघांची गती सारखी करते आणि मग दात एकमेकांत जातात. ही रिंग नसती तर प्रत्येक गिअरला ‘खर्रर्र’. जुन्या फियाटच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसायचाच. म्हणून जुने ड्रायव्हर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकत नसत, किंवा डबल क्लच मारत. तुमच्या आजोबांच्या ड्रायव्हिंगमध्ये जो एक ठेहराव होता ना, त्यातला निम्मा या न दिलेल्या रिंगेमुळे होता.

पडून राहिलेल्या बॉक्समध्ये रिंगेचा त्रास दोन प्रकारचा. एक म्हणजे वाळलेल्या तेलाने ती कोनाला चिकटून बसते. हातोडीने सोडवायला गेलात तर तुटते. रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, एक रात्र, लागली तर दोन. स्वतःहून सुटते. दुसरा त्रास झिजेचा. रिंग स्वच्छ करून कोनावर बोटांनी दाबा आणि फिरवायचा प्रयत्न करा. पकडली पाहिजे. मग रिंगेची कड आणि गिअरचे दात यांच्यामध्ये फट दिसतेय का बघा. फट संपली असेल तर रिंगही संपली, कारण ती आता कोनाला पकडायच्या आधीच दातांवर जाऊन टेकते. बऱ्याच जुन्या बॉक्समध्ये ही रिंग पिवळ्या धातूची असते, कव्हर उघडलं की रंगावरून कळतं. तसं असेल तर वरची काडतुसांची गोष्ट पुन्हा एकदा आठवा.

मित्राकडे आता दोन बॉक्स झाले. गाडीतला, ज्याचा तिसरा निसटायचा, आणि गोणपाटातला. अशा वेळी सगळ्यांच्या डोक्यात येतं, दोन्हीतलं चांगलं चांगलं घेऊन एक करू. बारामतीच्या ज्या मिस्त्रींकडे आम्ही गेलो ते वयाने सत्तरीचे, हात थरथरतात पण पाना धरला की थांबतात. त्यांनी एका वाक्यात ही आयडिया अर्धी मान्य केली, अर्धी मोडली. ‘‘सील घ्या, बेअरिंग घ्या, स्प्रिंग घ्या, कवर घ्या. पन दाताला दात लागून वर्सानुवर्सं फिरल्येली जोडी मोडू नगा. घटस्फोट झाल्येलं दोन गिअर एकत्र लावलं की रातभर भांडत्यात.’’ मेकॅनिकलच्या पुस्तकात हेच लिहिलंय, जरा कमी मजेदार भाषेत. एकत्र झिजलेल्या जोडीचे दात एकमेकांना बसलेले असतात. त्यातला एक बदलला की गाडी गुणगुणायला लागते, नंतर दात खायला लागते.

आणि निसटणाऱ्या तिसऱ्याचं काय? तात्यांनी दुसरा बॉक्स आणला तेव्हा पहिला कुणी उघडूनच बघितला नव्हता. गिअर निसटायची कारणं बरीच असतात. गिअर जागेवर धरून ठेवणारी गोळी आणि तिच्यामागची स्प्रिंग कमजोर होते, गिअर सरकवणारा फोर्क झिजतो, दातांच्या कडा गोल होतात, शाफ्ट पुढे-मागे हलायला लागतो. यातली स्प्रिंग म्हणजे चिल्लर काम. बाकीची तिन्ही म्हणजे खर्चाची. आणि या गाड्यांना अजून एक खास कारण, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. हँडलवरचा गिअर दिसायला रुबाबदार, पण हँडलपासून बॉक्सपर्यंत सळ्या, खटके आणि बुश यांची एक मोठी वरात आहे. त्यातले दोन-तीन बुश ढिले झाले की गिअर अर्धाच पडतो, वर तुम्हाला वाटतं पूर्ण पडला, आणि चढावर सुटतो. बॉक्स निर्दोष, शिक्षा बॉक्सला. म्हणून बॉक्स टेबलावर असतानाच हाताने चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून, प्रत्येकात शाफ्ट फिरवून बघायचे. तिथे नीट बसत असतील आणि गाडीत बसत नसतील, तर दोषी वर आहे, खाली नाही.

तिथे टेबलावर काय दिसलं ते सांगतो. गाडीतल्या बॉक्सच्या तिसऱ्याच्या दातांच्या कडा गोल झाल्या होत्या, स्प्रिंगने भागणारं नव्हतं. गोणपाटातल्याचे दात मात्र सुरेख, कडा धारदार. बेअरिंग एक खळगे पडलेलं, पिवळ्या भागांवर हिरवट थर, चिरा नाहीत. म्हणजे त्या भंगारातल्या बॉक्सला तात्यांनी तेव्हा नीट पारखलं होतं. हे मित्राने त्यांना सांगितलं तेव्हा तात्या ‘‘आसं व्हय’’ एवढंच म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

इथे एक वळणाचा मोह सगळ्यांना होतो, तोही सांगून टाकतो. ‘एवढी झकझक कशाला, दुसऱ्या गाडीचा जमिनीतला गिअर टाका, मक्खन चालेल.’ चालेल, खरंय. प्रीमियरनेच पुढे नव्वदच्या दशकात पद्मिनी एस-वन काढली, तिला जमिनीतलाच गिअर होता. पण २०२१ पासून केंद्राने व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणलीय. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की रोजच्या वापराला नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच. गिअरबॉक्सचं नाव त्या यादीत नाही, पण जमिनीतला गिअर आणायचा तर गाडीच्या फ्लोअरला भोक पाडावं लागतं, आणि फ्लोअर म्हणजे बॉडीच की. माझं मत विचाराल तर नोंदणी जाऊ द्या, हँडलवरचा गिअर काढलेली डिलाइट म्हणजे नऊवारीवर स्नीकर्स. काहींना आवडतं. असो.

तेल. यात लोक जास्त पैसे खर्च करून जास्त नुकसान करून घेतात. दुकानात ‘सगळ्यात भारी गिअर ऑइल द्या’ म्हटलं की तो जीएल-५ चा डबा देतो. ते मागच्या डिफरन्शियलसाठी बनवलेलं, प्रचंड दाबात टिकणारं. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं काही वेळा पिवळ्या धातूला खातात, शिवाय ते जास्त बुळबुळीत, त्यामुळे सिंक्रो रिंग कोनाला पकडण्याऐवजी घसरते. सिंक्रोच्या जुन्या बॉक्सला जीएल-४ दर्जाचं, ८०-डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअलमध्ये जो ग्रेड असेल तो. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा, विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास वाचू नका. भरायचं ते लेव्हलच्या नटापर्यंत, वर नाही. आणि केसवरचं श्वासाचं छोटं छिद्र सुईने मोकळं करा. ते बुजलं की तापल्यावर आत दाब वाढतो आणि तुमचं कोरं सील ओकायला लागतं.

बसवायची वेळ आली की दोन माणसं आणि एक ट्रॉली जॅक लागतो, खाली खड्डा असेल तर उत्तम. बारामतीच्या एमआयडीसीत १९९९ पासून पियाजिओचा कारखाना आपे रिक्षा बनवतोय, आजूबाजूला वर्कशॉपं भरपूर, प्रेस आणि पुलर मिळतात. फक्त उसाचं गाळप सुरू झालं की मिस्त्री ट्रॅक्टरवाल्यांचे. त्या चार-पाच महिन्यांत तुमची डिलाइट घेऊन गेलात तर लोक चहा पाजतील, काम करणार नाहीत.

जोडायच्या आधी इंजिनाच्या टोकाला बघा. क्रँकच्या मागच्या भोकात एक छोटासा ब्राँझचा बुश असतो, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक बसतं. तो सच्छिद्र असतो, स्पंजसारखं तेल धरतो. नवा बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा. ग्रीस भरायचं नाही, ग्रीसने छिद्रं बुजतात. क्लचप्लेट प्रेशर प्लेटच्या बरोबर मध्यावर यायला हवी. त्यासाठी जुना भंगार शाफ्ट मिळाला तर सोनं, नाहीतर सुताराकडून त्या मापाची लाकडी खुंटी करून घ्या. शाफ्टच्या खाचा पॉलिश पेपरने साफ, त्यावर ग्रीसचा पुसट हात. जास्त लावलंत तर ते उडून प्लेटवर.

आणि आता सगळ्यात महागडी चूक, जी रोज कुठे ना कुठे घडते. बॉक्स अर्धा आत गेला, बोल्ट लागत नाही, हात दुखायला लागले, म्हणून ‘दोन मिनिटं’ तो तसाच लटकत सोडला जातो. त्या दोन मिनिटांत बॉक्सचं सगळं वजन शाफ्टमधून क्लचप्लेटच्या मध्यावर येतं आणि प्लेट वाकते. दिसत नाही. पण क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना खर्रर्र होतं, आणि परत सगळं खाली. त्यावर मिस्त्रींचा उपाय असा, दोन लांब बोल्ट घ्यायचे, त्यांची डोकी कापायची, आणि ते आधी इंजिनाला लावायचे. बॉक्स त्या दोन रुळांवरून सरळ आत सरकतो, लटकत नाही. आत जाताना अडला तर बोल्ट आवळून ओढायचा नाही. मागून शाफ्ट थोडा फिरवायचा, खाचा जुळल्या की तो ‘टक्’ करून स्वतः बसतो. नाही बसला तर काढून परत बघायचं. बोल्टने ओढून बसवलेल्या बॉक्सचे कान तुटतात.

पहिली चक्कर शेतातल्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरच्या वर नाही. मग गाडी थांबवून खाली वाकून बघायचं, तेल कुठून येतंय का. पाचशे किलोमीटरला तेल बदलायचं, कितीही स्वच्छ वाटलं तरी, आणि त्यात पुन्हा तेच चुंबक फिरवायचं. पहिल्या तेलाबरोबर धुतल्यावरही राहिलेला गंज आणि नव्या बेअरिंगची पहिली झीज निघून जाते.

मित्राचा बॉक्स आत्ता मिस्त्रींच्या टेबलावर आहे, बेअरिंग आणि सीलं बदलून, तोंडं फडक्याने बांधून. अडलंय ते हँडलच्या सळ्यांच्या दोन बुशांवर. पुण्यात नाना पेठ पालथी घातली, आता कुर्ल्याला सीएसटी रोडला एक फेरी आहे. नाही मिळाले तर नायलॉनच्या सळईतून लेथवर करून घ्यायचे. माप काढून ठेवलंय. धाकट्या भावाने ठिबकचं सामान तात्पुरतं ओसरीत रचलंय आणि तात्यांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतलीय, दसऱ्याच्या आधीची.